कोणता घास बाधला?

एकाच चुलीवर स्वयंपाक होतो. एकाच भांड्यातली आमटी पाच जण खातात. चौघं ढेकर देऊन उठतात आणि पाचव्याच्या पोटात कळ येते. नाही तर त्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, जुलाब सुरू होतात. मग घरात एकच सवाल निघतो, "काय खाल्लंस?"

सवाल एक, पण उत्तरं दहा. आजी म्हणते, वांगं बाधलं. बाप म्हणतो, बाजारातली भजी बाधली. शेजारीण म्हणते, नजर लागली. कुणी म्हणतं, पित्त झालं. एखादा तर हळूच म्हणतो, ताटात कुणी काही घातलं असेल.

आज आपल्याला याच सवालावर बोलायचं आहे. अन्न बाधतं म्हणजे काय होतं? ते एकालाच का बाधतं? आणि बाधणारी खरी वस्तू शोधून कशी काढायची? हा शोध पुष्कळसा आपल्या घरात बसून करता येतो. त्याला एक वही लागते, एक पेन्सिल लागते आणि थोडा धीर लागतो. लिहिता-वाचता तुम्हाला आता येतं. तेव्हा धीर तेवढा जमवायचा.

अंदाजाने काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, शोध कशाला? ज्याचा संशय आला ते सोडून दिलं म्हणजे झालं. वांगं सोडलं तर काय मरणार आहे?

वांग्याने कुणी मरत नाही, हे खरं. पण संशय वांग्यापाशी थांबत नाही. एकदा पोराचं पोट बिघडलं, दूध बंद. दुसऱ्यांदा बिघडलं, डाळ बंद. तिसऱ्यांदा बिघडलं, अंडं बंद. पोर वाढीच्या वयाचं असतं. त्याच्या ताटात मग भात आणि मीठ उरतं. रोग राहतो तिथेच, आणि पोर वाळत जातं.

दुसरं असं की खरा चोर मोकळा राहतो. आपण वांग्याला शिक्षा केली, आणि चोर होता वांग्यात भरलेला मसाला. तो उद्या दुसऱ्या भाजीतून पोटात जाणार.

आणि तिसरं सगळ्यात वाईट. कधी कधी संशय वस्तूवर न येता माणसावर येतो. रांधणाऱ्या सुनेवर येतो, जावेवर येतो, शेजारणीवर येतो. एका घासापायी घरं तुटतात. म्हणून म्हणतो, अंदाज बांधू नये. शोध करावा.

पहिला सवाल : एकाला की सगळ्यांना?

शोधाची पहिली पायरी सोपी आहे. ते अन्न कुणी कुणी खाल्लं आणि कुणाकुणाला त्रास झाला, हे विचारायचं.

खाणाऱ्या बहुतेकांना त्रास झाला असेल, तर दोष अन्नाचा. ते नासलं असेल, त्यात बुरशी असेल, भेसळ असेल. उपवासाच्या दिवसांत भगर खाऊन पुष्कळ लोकांना एकदम ओकाऱ्या आणि चक्कर आल्याच्या बातम्या आपण ऐकतो. ओलीला जुनी भगर, किंवा दळून बरेच दिवस ठेवलेलं भगरीचं पीठ, यांत बुरशी धरते. तो उपवासाचा दोष नव्हे आणि खाणाऱ्याच्या पोटाचाही नव्हे. भगर निवडून, धुऊन आणि लागेल तेवढीच दळून घ्यावी.

कोकणातल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. बांगडा किंवा कुपा खाल्ला, आणि अर्ध्या तासात तोंड लाल झालं, अंगाची आग झाली, डोकं ठणकलं, गांधी उठल्या. माणूस म्हणतो, मला मासळी सोसत नाही. पण त्याच माशाचं कालवण खाऊन आणखी दोघांना तसंच झालं असेल, तर गोष्ट वेगळी. असला मासा पकडल्यावर बर्फाविना उन्हात पडून राहिला, की त्याच्या मांसात जंतू वाढतात आणि हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याने अंगावर अगदी पित्त उठल्यासारखं होतं. हा पदार्थ शिजवून जात नाही, तळून जात नाही, मीठ लावून जात नाही. मासा वासाला बरा लागला तरी तो आत असू शकतो. अशा वेळी जन्मभर मासळी सोडण्याचं कारण नाही. बर्फातला ताजा मासा घ्यावा, एवढाच धडा.

अळू आणि सुरण यांचंही असंच. घसा खवखवतो तो सगळ्यांचाच. त्यांत सुईसारखे बारीक कण असतात, ते टोचतात. नीट शिजवलं, चिंच किंवा आमसूल घातलं, म्हणजे बहुधा त्रास होत नाही.

पण पाच जणांनी खाल्लं आणि दर खेपेला एकट्यालाच बाधलं, तर मात्र दोष अन्नाचा नव्हे. त्या माणसाच्या शरीराचं आणि त्या वस्तूचं जमत नाही. आपल्याला बोलायचं आहे ते याविषयी.

राखणदाराची चूक

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक शक्ती असते. तिला शेताचा राखणदार म्हणू. रानडुक्कर आलं की राखणदार आरडाओरडा करतो, गोफण फिरवतो. ते त्याचं कामच आहे. पण एखादा राखणदार आपल्याच घरच्या गाईला डुक्कर समजतो. गाय दिसली की धोंडे मारत सुटतो. गाईचा काही अपराध नसतो. चूक राखणदाराची असते, आणि नासधूस मात्र शेताची होते.

काही माणसांच्या शरीराचं असंच होतं. शेंगदाणा, दूध, अंडं, कोळंबी, खेकडा, गहू, काजू, हरभऱ्याची डाळ, यांपैकी एखादी चांगली वस्तू शरीराला शत्रू वाटते. घास पोटात गेला की काही मिनिटांत, फार तर दोन-एक तासांत, खाज सुटते, गांधी उठतात, ओठ सुजतात, ओकारी होते. काहींना दम लागतो. याला डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. व्हिएन्ना शहरातले डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली हा शब्द बनवला. आता तो आपल्याही बोलण्यात आला आहे.

या प्रकारात एक गोष्ट फार महत्त्वाची. बाधायला पोटभर लागत नाही. चिमूटभर पुरते. आणि चिमूटभर वस्तू जेवणात कुठेही लपते.

आपल्याकडचा दाण्याचा कूटच पाहा. शेंगदाणे कुणी मूठभर खाल्ले तर ते लक्षात राहतात. पण कूट कुठे नसतो? भरल्या वांग्यात असतो, काकडीच्या कोशिंबिरीत असतो, मेथीच्या भाजीत असतो, उपवासाच्या खिचडीत असतो, चटणीत असतो. लाकडी घाण्याच्या कच्च्या तेलातही शेंगदाण्याचा अंश राहतो. शेंगदाणा ज्याला बाधतो तो म्हणतो, "मी शेंगा खाल्ल्याच नाहीत." तो खोटं बोलत नाही. त्याच्या नकळत त्या पोटात गेलेल्या असतात.

जवळ्याचंही तसंच. ज्याला कोळंबी बाधते, त्याला सुका जवळाही बाधू शकतो. जवळा कुटून चटणीत गेला की दिसत नाही. एखाद्या फारच नाजूक माणसाला तर कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. भजी तळायचं तेलही ध्यानात घ्या. ज्या कढईत कोळंबी तळली, त्याच तेलात मग कांदाभजी काढली. दोष बिचाऱ्या कांद्यावर येतो.

दुधाची गोष्ट

आता दुसरा प्रकार. यात राखणदाराची चूक नसते. पोटाची ताकद कमी पडते.

दुधात एक साखर असते. तिला दुग्धशर्करा म्हणतात. ती पचवायला आतड्यात एक पाचक रस लागतो. तान्ह्या मुलात तो भरपूर असतो, कारण त्याचं सगळं अन्न दूधच. मूल मोठं होतं तसा पुष्कळ माणसांत हा रस कमी होत जातो. आपल्या देशात अशी माणसं खूप आहेत. उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे जास्त आहेत. त्यांनी पेलाभर दूध घेतलं, की न पचलेली साखर खालच्या आतड्यात जाते. तिथे ती आंबते. मग पोट फुगतं, गुडगुडतं, वारा सरतो, जुलाब होतात. जिवाला धोका नसतो, पण माणूस हैराण होतो.

अशा माणसाला दूध अजिबात वर्ज्य करायची गरज बहुधा नसते. घोटभर दूध जेवणाबरोबर पुष्कळांना सोसतं. दही आणि ताक तर जास्त सोसतं. विरजणातले जंतू ती साखर थोडीफार आधीच खाऊन टाकतात. आपल्या वाडवडिलांनी जेवणाशेवटी ताक ठेवलं, ते अशा पोटाला बरं पडतं.

इथे एक गफलत होते. लहान मुलाला मोठी हगवण लागली, की आतड्याची आतली कातडी दुखावते. त्यामुळे काही दिवस दूध नीट पचत नाही. आतडं बरं झालं की दूध पुन्हा पचू लागतं. पण घरात ठरून जातं, "याला दूध चालत नाही." आणि वर्षानुवर्षं ते पोर दुधाविना राहतं. तसं करू नये. आणि आईचं दूध तर हगवणीतही कधी तोडू नये. ते चालू ठेवावं आणि जोडीला ओआरएसचं पाणी द्यावं.

आणखी एक. एखाद्या बाळाला गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठतात, किंवा शौचात रक्त पडतं. मग कुणी सांगतं, शेळीचं द्या, म्हशीचं द्या. पण या दुधांचं आपसात फार नातं आहे. एक बाधलं तर दुसरंही बहुधा बाधतं. अशा बाळाला डॉक्टरांनाच दाखवावं.

गव्हाची गोष्ट

तिसरा प्रकार सगळ्यात लपलेला. यात घास खाल्ला आणि लगेच त्रास झाला, असं होत नाही. त्रास आठवड्यांनी येतो, महिन्यांनी येतो. त्यामुळे कुणाला अन्नाचा संशयच येत नाही.

समजा, एक मुलगी सोलापूरकडच्या जिरायती गावात वाढली. घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. गहू सणासुदीला. तिचं लग्न झालं आणि ती बागायती गावात नांदायला आली. इथे रोज चपाती. चार-सहा महिन्यांत तिला जुलाब लागले. पोट फुगू लागलं, तोंडाला फोड येऊ लागले. रक्त कमी झालं. लोहाच्या गोळ्या घेतल्या तरी वाढेना. काम होईना. सासरी माणसं म्हणाली, कामचुकार आहे. माहेरी गेली की महिन्या-दोन महिन्यांत सुधारायची. परत आली की पुन्हा तेच. मग तर बोलायलाच नको. "माहेरची ओढ आहे, ढोंग करते." कुणी म्हणालं, घर लाभत नाही.

आता विचार करा. माहेरी आणि सासरी काय बदललं? माणसं बदलली, घर बदललं, पाणी बदललं. आणि भाकरीच्या जागी चपाती आली. ती कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण चपाती म्हणजे चांगलं अन्न.

या दुखण्याचं कारण असंच फार वर्षं लपून होतं. ते कसं सापडलं, ही ऐकण्याजोगी हकीकत आहे. युरोपात हॉलंड म्हणून देश आहे. तिथे हेग शहरात विलेम डिके नावाचे बालरोगाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अशी मुलं येत. पोट मोठं, हातपाय काड्या, शौचाला फेसाळ आणि घाण वासाची. कारण कळत नव्हतं. डॉक्टरांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. पुढे महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात मोठा दुष्काळ पडला. गहू मिळेना, पाव मिळेना. लोक ट्युलिप फुलांचे कांदे खाऊन जगले. धडधाकट माणसं खंगली. पण ही आजारी मुलं उलट सुधारू लागली. दुष्काळ सरला, पाव पुन्हा आला, आणि मुलं पुन्हा आजारी पडली. डॉक्टरांचा संशय पक्का झाला. त्यांनी मग मुलांचं खाणं मोजून-मापून तपासलं, आणि १९५० साली आपला प्रबंध लिहून ते मांडलं.

पाहा, त्यांनी काय केलं? वस्तू गेली तेव्हा काय झालं, परत आली तेव्हा काय झालं, हे पाहिलं आणि लिहून ठेवलं. आपल्या गोष्टीतल्या सुनेचंही नेमकं तेच होत होतं. फक्त कुणी लिहून ठेवलं नाही.

या रोगाला सीलियाक म्हणतात. गव्हात चिकटपणा आणणारा एक भाग असतो. त्याला ग्लूटेन म्हणतात. तो या माणसांच्या आतड्याला जखम करतो. सातूमध्येही तसाच भाग असतो. पण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत तो नसतो. म्हणजे औषध आपल्या कणगीतच आहे. मात्र गहू जन्मभर आणि पूर्णपणे सोडावा लागतो.

आणि इथे पुन्हा लपाछपी सुरू होते. चपाती सोडली, पण रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, पाव हे सगळे गव्हाचेच. हिंगाचंही ऐका. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या हिंगात पीठ मिसळतात. ते पुष्कळदा गव्हाचं असतं. म्हणजे रोजच्या फोडणीतून गहू पोटात जातो. आणि गिरणी? आधीच्या माणसाने गहू दळला, त्यामागे आपली ज्वारी पडली. गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलं असतं, ते आपल्या डब्यात येतं. अशा घरी ज्वारी घरच्या जात्यावर दळावी. नाही तर गिरणीवाल्याला सांगून, आधी थोडी दुसऱ्याची ज्वारी दळून झाल्यावर आपली घालावी. त्यातही थोडा धोका राहतोच, हे ध्यानात असू द्यावं.

एक सूचना विसरू नका. या रोगाचा संशय आला तर गहू आधी सोडू नये. आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासावं. गहू सोडून महिने झाले, म्हणजे तपासणीत रोग दिसत नाही आणि डॉक्टरही फसतात. आणि गहू खाणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होत नाही. थोड्याच माणसांना होतो. उगीच भिऊन चपाती टाकू नये.

अन्नाचा दोषच नसेल तर?

कधी कधी चोर स्वयंपाकघरात नसतोच.

एकाचं अंग दुखलं. त्याने दुकानातून वेदनेची गोळी आणली. जेवला आणि गोळी घेतली. तासाभरात अंगावर पित्त उठलं. तो म्हणाला, वांगं बाधलं. गोळीची आठवणच नाही, कारण गोळीला आपण खाणं समजत नाही. पण काही वेदनाशामक गोळ्यांनी असं होतं.

दुसऱ्याच्या मानेला, तोंडाला, हातांना सारखी खाज. त्याने तिखट सोडलं, आंबट सोडलं, मासळी सोडली. खाज तशीच. बांधावर गाजर गवत माजलं होतं, ते तो रोज हाताने उपटत होता. हे गवत आपल्याकडे पुण्याच्या बाजूला १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेस आलं, आणि मग देशभर पसरलं. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांची कातडी बिघडते.

आणि ज्याच्या अंगावर महिनोन्महिने जवळजवळ रोज गांधी उठतात, त्याचं कारण बहुतेक वेळा अन्न नसतंच. त्याने एक एक पदार्थ सोडत उपाशी राहू नये. डॉक्टरांकडे जावं.

वहीची साक्ष

आता कामाची गोष्ट. खरा चोर शोधायचा कसा?

माणसाची आठवण कच्ची असते. परवा रात्री काय जेवलो, हे धड सांगता येत नाही. शिवाय ज्याच्यावर आधीच संशय, तेवढंच आठवतं. म्हणून वही करावी. रोज चार गोष्टी लिहाव्यात. किती वाजता काय खाल्लं. त्यात काय काय घातलं होतं. त्रास काय झाला आणि किती वाजता. आणि त्या दिवशी वेगळं काय होतं, म्हणजे गोळी, नवं काम, नवी जागा, परगावचं जेवण.

असं लिहावं :

सोमवार. दुपारी १. भाकरी, भरलं वांगं (दाण्याचा कूट, तीळ, खोबरं), ताक. दुपारी दीडला गांधी उठल्या.

बुधवार. रात्री ८. भात, आमटी, वांग्याचं भरीत (कांदा, मिरची). त्रास नाही.

शनिवार. दुपारी १. चपाती, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर (दाण्याचा कूट). दुपारी पावणेदोनला गांधी उठल्या.

वाचा बरं. बुधवारी वांगं होतं, त्रास नाही. शनिवारी वांगं नव्हतं, तरी त्रास झाला. मग वांगं सुटलं की नाही? आणि सोमवारी आणि शनिवारी, दोन्ही दिवशी काय होतं? दाण्याचा कूट. तीन ओळींवरून पक्का निवाडा करू नये. पण दोन-तीन आठवडे असं लिहिलं, म्हणजे बोट कुठे दाखवायचं ते कळतं.

जो त्रास न होणारा दिवस, तोही लिहावा. पुष्कळ जण इथेच चुकतात. फक्त वाईट दिवस लिहितात. चांगला दिवस म्हणजे निरपराध वस्तूंचा साक्षीदार. तो नसेल तर त्यांची सुटका कोण करणार?

संशय पक्का होत आला, की ती एकच वस्तू दोन-तीन आठवडे बंद करावी. एका वेळी एकच. दहा वस्तू एकदम बंद केल्या तर कोणतीमुळे बरं वाटलं ते कळत नाही. त्रास थांबला, तर पोट फुगणं किंवा जुलाब यांसारख्या सौम्य दुखण्यात ती वस्तू थोडी थोडी पुन्हा खाऊन पाहावी. परत त्रास झाला, तर शोध लागला. नाही झाला, तर ती वस्तू निर्दोष. तिला ताटात परत घ्यावं. हे परत घेणं सोडण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पण जिथे गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, दम लागला किंवा घेरी आली, तिथे पुन्हा खाऊन पाहण्याचा प्रयोग घरी कधीही करू नये. तो जिवाशी खेळ होईल. तसंच लहान मुलाचं आणि गरोदर बाईचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. वही मात्र दवाखान्यात जरूर न्यावी. तोंडी हकीकतीपेक्षा लिहिलेल्या हकीकतीवरून डॉक्टरांना लवकर उमगतं.

पाकीट वाचा

आता बाजारातलं पाकीटबंद खाणं गावोगाव आलं आहे. पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणा, काजू-बदाम, सोयाबीन आणि गव्हासारखी धान्यं यांपैकी काही असेल, तर ते वेगळं सांगितलं पाहिजे, असा २०२० सालच्या सरकारी नियमांचा हुकूम आहे.

हे लिखाण बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतं. हिंदीची अक्षरं आपलीच आहेत. "गेहूँ" म्हणजे गहू, "मूँगफली" म्हणजे शेंगदाणा, हे तुम्हाला आता वाचता येईल. नुसतं इंग्रजी असेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावं. त्यात कमीपणा नाही. अक्षरं बारीक असली तरी ती आपल्यासाठीच छापलेली आहेत.

धोक्याची वेळ

शेवटी एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करावी. काही खाल्ल्यावर जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, दम लागला, सारख्या ओकाऱ्या होऊन घेरी आली, माणूस गळून पडला, तर हे साधं पित्त नव्हे. यात थोड्या वेळात जीव जाऊ शकतो.

अशा वेळी आमसुलाचं पाणी लावण्यात, बोट घालून ओकवण्यात, अंगारा आणण्यात वेळ घालवू नये. खाजेची गोळीही इथे पुरी पडत नाही. माणसाला आडवं निजवावं, पाय थोडे उंच करावेत. दम लागत असेल तर टेकून बसवावं. उभं करू नये, चालवू नये. ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात. ते वेळेवर मिळालं म्हणजे बहुतेकांचा जीव वाचतो. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नये. काही तासांनी त्रास उलटू शकतो.

ज्याला एकदा असं झालं, त्याच्या घरी, शेजारी, शाळेत गुरुजींना, ती वस्तू कोणती हे सांगून ठेवावं. पंगतीत बसला तर वाढणाऱ्याला विचारावं, "यात कूट आहे का?" विचारणाऱ्याला कुणी हसू नये. "एक घासाने काय होतंय" असा आग्रह तर मुळीच करू नये. त्या एका घासाने काय होतं, ते आज आपण ऐकलं.

तर मंडळी, आज रात्री जेवण झालं की वही उघडा. वर तारीख घाला. काय जेवलात ते लिहा, आणि त्यात काय काय घातलं होतं ते रांधणारीला विचारून लिहा. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

लक्षात ठेवा

सगळ्यांना बाधलं तर दोष अन्नाचा. दर वेळी एकालाच बाधलं तर वस्तू शोधा.
चिमूटभर वस्तूही बाधते. कूट, जवळा, हिंग आणि तळणीचं तेल तपासा.
दूध सोसत नसेल तर दही-ताक घेऊन पाहा.
गव्हाचा संशय आला तर आधी तपासणी, मग पथ्य.
एका वेळी एकच वस्तू सोडा. निर्दोष ठरली तर परत घ्या.
ओठ, जीभ सुजली किंवा दम लागला तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.